दारातली गाडी

मुरारजी पेठ, सोलापूर
२० नोव्हेंबर १९७८

प्रिय नागव्वाअक्कास,

शरणु शरणार्थ.

मी ठणठणीत आहे. तुझे गुडघे कसे आहेत ते तू स्वतः कळव. मल्लिनाथला विचारलं की तो "आई मजेत" एवढंच लिहितो, जणू तू त्याच्या अडतीवरचं ज्वारीचं पोतं आहेस. हे पत्रही तोच तुला वाचून दाखवणार. मल्लिनाथ, मोठ्यानं वाच आणि मधलं गाळू नकोस. शाळा तपासनीस म्हणून सगळी नोकरी मी पोरांना मोठ्यानं वाचायला लावण्यात घालवली आहे. कुठं गाळलं ते मला बार्शीहूनसुद्धा ऐकू येतं.

बातमी अशी की मी गाडी घेतली.

आता कारण ऐक. गेल्या महिन्यात एका गावी जुन्या शाळेच्या समारंभाला मला बोलावलं होतं. गावाचं नाव लिहीत नाही. रात्री राहायला डाकबंगल्यावर गेले. ज्या बंगल्यात मी कित्येक वर्षं मुक्काम केला, जिथल्या पलंगातले ढेकूणसुद्धा मला ओळखत असतील, तिथला खानसामा दारात आडवा उभा राहिला. म्हणाला, "बाई, आता तुमचा हक्क नाही. तुम्ही रिटायर्ड."

मी म्हटलं, "खोल्या रिकाम्या आहेत ना?"

"रिकाम्या आहेत की. पण साहेब आले तर?"

"कोणते साहेब?"

"कोणतेबी."

म्हणजे कोणत्याही न आलेल्या साहेबासाठी मी शाळेच्या वर्गात बाकं जोडून झोपले. पाठ धरली. त्या बाकावरच ठरवलं, की यापुढे माझा डाकबंगला माझ्याबरोबर येईल. त्याला चाकं असतील आणि दारात आडवं उभं राहायला कुणी नसेल.

सात रस्ता चौकातल्या गाड्यांच्या एका दलालाकडे गेले. त्यानं पहिल्यांदा तीनचाकी टेम्पो दाखवला. मी म्हटलं, यात भाजी झोपेल, माणूस नाही. मग जीप. जीपवर माझं प्रेम आहे, नोकरीत मी तीच हाकली. ड्रायव्हरला हिवताप आला तेव्हा शिकले आणि पुढे ड्रायव्हर बरा झाल्यावरही चाक त्याला परत दिलं नाही. पण जीपमध्ये चढायला वानराचे पाय लागतात. मग त्यानं एक मोठी डिझेल गाडी दाखवली. आत उभं राहून चालता येत होतं. मला मोह झाला, खोटं का बोलू. पण ती आमच्या बोळात शिरली असती तर बाहेर काढायला दोन्हीकडची घरं पाडावी लागली असती. मला काही वर्षातून एकदा तीर्थयात्रेला न्यायची गाडी नको होती. तिच्यात बसून मंगळवारच्या बाजाराला जाता यावं, वाचनालयात जाता यावं आणि वाटलं तर त्याच संध्याकाळी गावाबाहेर जाऊन झोपता यावं. रोजची गाडी आणि रोजचंच घर.

दलाल कंटाळला. म्हणाला, "बाई, तुम्हाला नेमकं काय पाहिजे?"

मी पिशवीतून सुतळी काढली. तिला एक गाठ मारलेली होती. ती गाडीच्या पायरीला लावली आणि म्हटलं, "जमिनीपासून या गाठीपेक्षा उंच नको."

"हे कशाचं माप?"

"बार्शीतल्या एका उंबऱ्याचं."

तुझ्याच उंबऱ्याचं, अक्का. दिवाळीत आले होते तेव्हा तू पूजेला बसलीस आणि मी मोजून घेतलं. तो उंबरा तू दिवसातून दहादा ओलांडतेस, म्हणजे तेवढं तुझ्या गुडघ्यांना झेपतं.

शेवटी मिळाली. एका बेकरीची छोटी बंद व्हॅन. पेट्रोलची, बुटकी, मागं दोन दारं, पायरी गाठीच्याही खाली. मालकानं बेकरी बंद केली म्हणून विकली. इंजिन पुढच्या दोन सीटांच्या मधोमध, त्यामुळे थंडीत पाय शेकतात आणि उन्हाळ्यात भाजतात. तीन वेळा सोड्यानं धुतली तरी आत खारी बिस्किटांचा वास येतोच. चौकातली कुत्री सोडायला येतात. कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला मदर सांगायच्या, की सभ्य मुलीच्या मागं कुणी लागत नाही. त्यांनी माझी गाडी बघितलेली नाही.

आत दोघींची झोपायची सोय होईल. हो, दोघींची. आणि तुझ्याकडून काय उत्तर येणार तेही मला पाठ आहे. "माझ्या पूजेचं कसं?" आंघोळीशिवाय पूजा नाही, पूजेशिवाय तोंडात पाणी नाही, म्हणून पहाटेची एस.टी. नाही आणि परक्या घरचं पाणी नाही. मी त्यावर वाद घालणार नाही. मीही गळ्यात इष्टलिंग बांधते, फक्त माझा देव मला तुझ्या देवापेक्षा लवकर मोकळं करतो. गाडीतच आंघोळीची जागा करते, पूजेची बैठक करते आणि स्टोव्ह ठेवते. मग कुणाच्या घरच्या पाण्याचा प्रश्नच येत नाही. कुणाच्याही घरच्या.

कुठं जायचं ते विचारू नकोस. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेला तू सोलापूरला येतेसच. जत्रा झाली की टेंभुर्णी, अकलूज, त्या बाजूला एक फेरी मारू. तिकडचा ऊस यंदा चांगला आहे म्हणतात.

तुला ऊस आवडतो, एवढंच मी लिहिते.

तुझी
शरणू

---

मुरारजी पेठ, सोलापूर
१४ डिसेंबर १९७८

प्रिय अक्कास,

शरणु शरणार्थ.

तुझं पत्र मिळालं. अक्षर मल्लिनाथचं होतं, ते ठीक आहे. शब्दही मल्लिनाथचेच होते, ते ठीक नाही. "या वयात हिंडणे आईस झेपणार नाही" हे वाक्य तू आयुष्यात बोलली नसशील. तू म्हणाली असतीस, "बघू."

आता एक गोष्ट मीच सांगते, कारण बार्शीच्या बाजारात ती माझ्या आधी पोचेल आणि तिखटमीठ लावून पोचेल.

बाळीवेशीतल्या आण्णा सुताराला मी गाडीचं आतलं काम दिलं. मापं कागदावर काढून दिली. मागच्या बाजूला जस्ताचा पत्रा ठोकून आंघोळीची जागा, पाणी जायला खाली नळी. बसायच्या फळ्यांखाली भांड्यांचे कप्पे, फळ्या जोडल्या की बिछाना. आणि मध्ये पूजेची बैठक. म्हटलं, मांडी घालून बसता यावं, पाठ ताठ टेकावी, गुडघे दुखतात म्हणून बैठक थोडी उचललेली असावी, चार कोपऱ्यांना चार खांब म्हणजे पडदा ओढता येईल. आण्णा म्हणाला, "कळलं." मी म्हटलं, "पुन्हा एकदा सांगू का?" म्हणाला, "बाई, हे काम मी डोळे मिटून करतो."

तिथंच मला शंका यायला हवी होती.

गाडी परत आणायला गेले. आण्णानं मागची दारं उघडली. आत सागवानी बैठक, पाठीला कमान, चार कोरीव खांब, वर छत आणि छताला छोटा कळस.

अक्का, त्यानं विमान केलं होतं. आपल्या लिंगायतांत माणसाला शेवटच्या प्रवासाला बसवून नेतात ते.

मी म्हटलं, "आण्णा, हे काय आहे?"

तो म्हणाला, "मापानं केलंय की."

"ही मापं मी जिवंत बाईसाठी दिली होती!"

"ते तुम्ही बोलला नाहीत. मांडी घालून बसायचं, पाठ ताठ, चार खांब, पडदा. अशी मापं मला आजवर एकाच कामासाठी आलीत." वर मला समजावतो, "आणि बाई, मठाच्या विमानाला पण मी एवढं कोरीव केलं नाही. तुमची ओळख म्हणून केलं."

गाडी घेऊन निघाले. मागच्या एका दाराची कडी नीट बसली नव्हती, ते बाळीवेशीतच उघडलं. पुढं मी चाकावर, मागं कळस. पानाच्या दुकानातली माणसं उठून उभी राहिली. एकानं टोपी काढली. फुलवाल्या म्हाताऱ्यानं हार आणून आत टाकला आणि हात जोडून मला विचारलं, "कोण गेलं, बाई?"

"कुणी नाही गेलं! दार लावा!"

बोळात येईपर्यंत माझ्या घरी भेटायला दोन बायका येऊन बसलेल्या. त्यांनी स्वतःच चहा करून घेतला होता, माझ्या दुःखात मला त्रास नको म्हणून.

तू हसत असशील तर बरं. नसशील हसत, तर ऐक. खांब कापून टाकायला आण्णाला सांगितलं आहे. तो म्हणतो, आता जत्रेत मिरवायच्या नंदीध्वजांच्या कामात आहे, संक्रांत झाल्याशिवाय करवत हातात धरणार नाही. सोलापुरात सिद्धेश्वरापुढं कुणाचं चालतं? तेव्हा तू येशील तेव्हा ते विमान गाडीत असेल. मल्लिनाथ याला अपशकुन म्हणेल. मल्लिनाथ, म्हणून घे आणि पुढं वाच.

कारण पुढचं मला आता लिहायचंच आहे. मागच्या पत्रात मी उसाच्या आड लपले. ते माझ्या स्वभावात बसत नाही, आणि लिहून झाल्यावर दोन दिवस मला माझाच राग येत राहिला.

गाडी श्रीपूरला जाणार आहे. साखर कारखान्याच्या वसाहतीत, शिवलीलेच्या दारात.

वाच, मल्लिनाथ. तुझ्या सख्ख्या बहिणीचं नाव आहे. तुमच्या घरात आठ वर्षं ते कुणी उच्चारलेलं नाही. तिनं धनगराच्या मुलाशी लग्न केलं. जोतीराम तिथं केमिस्ट आहे, साखरेची तपासणी करतो, माझ्याशी बोलताना उठून उभा राहतो. त्यांना माया नावाची मुलगी आहे. तिचे पुढचे दात पडले आहेत आणि ती माझ्यासारखीच वाद घालते. मी वर्षातून दोनदा जाते. तुला हे ठाऊक आहे, अक्का. मी बार्शीला आले की तू मला स्वयंपाकघरात नेतेस आणि विचारतेस, "तिकडे ऊस कसा आहे?" मी सांगते, "उंच झालाय." मग तू चूल फुंकत बसतेस. चूल चांगली पेटलेली असते.

"त्या घरचं पाणी मला चालणार नाही" असं तू सगळ्यांपुढं म्हणालीस. खरं का खोटं मी विचारत नाही. मल्लिनाथनं शपथ घेतली, की त्या उंबऱ्यात पाय ठेवणार नाही आणि कुणाला ठेवू देणार नाही. बरं. मी कुणाला उंबरा ओलांडायला सांगत नाही. म्हणूनच गाडी घेतली. डाकबंगल्याचं कारणही खरंच आहे, पण नुसत्या ढेकणांसाठी मी एवढी सुतळी घेऊन हिंडले नसते. गाडी तिच्या दारात उभी करू. आंघोळ तुझी, पाणी तुझं, पूजा तुझी, चूल तुझी. तू कुणाच्या घरात गेली नाहीस आणि कुणाची शपथ मोडली नाही. लेक बाहेर येईल. तिनं बाहेर येऊ नये अशी शपथ कुणी घेतलेली नाही.

येणार नसशील तर तसं कळव. पण तुझ्या शब्दांत.

तुझी
शरणू

---

श्रीपूर
२० जानेवारी १९७९

चि. मल्लिनाथ,

अनेक आशीर्वाद.

आजवर मी तुझ्या आईला लिहायचे आणि तू वाचायचास. या वेळी मधलं माणूस नको, म्हणून तुलाच लिहिते. आई खुशाल आहे, हे आधी सांगून टाकते, नाहीतर तू पुढचं धड वाचणार नाहीस.

जत्रेला तू तिला माझ्या दारात सोडलंस आणि गाडीकडे न बघता परत गेलास. "आईला विचार, मी काही बोलत नाही," एवढंच म्हणालास. तुझ्या तोंडून तेवढं निघालं, मला पुरलं. तू वळल्यावर काय झालं ते सांगते. मी दारं उघडली. तुझी आई खांबावरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "सागवान आहे?"

"आहे."

"मग कापायचं कशाला?"

"अक्का, हे विमान आहे."

"दिसतंय की मला." आणि कुणाचा हात न धरता पायरी चढून आत जाऊन मांडी घालून बसली. पाठ टेकवून बघितली. म्हणाली, "खऱ्या विमानात घालतील तेव्हा मला कोण विचारणार आहे, कुठं जायचंय म्हणून? यात तर मी सांगेन तिकडे जायचं. चल."

"आत्ता? नंदीध्वजांची मिरवणूक?"

"मिरवणूक बघून."

मिरवणूक बघितली, शोभेचं दारूकाम बघितलं, जत्रेतली जिलबी घेतली आणि निघालो. टेंभुर्णीपर्यंत ती जिलबीची पुडी मांडीवर धरून बसली होती. पुढं उसाच्या बैलगाड्या लागल्या आणि आमचा वेग बैलांचा झाला. तेव्हा म्हणाली, "शरणू, ती बाहेर आलीच नाही तर?" मी म्हटलं, "हॉर्न वाजवीन." तुझ्या मावशीला असल्या वेळी शहाणं काही सुचत नाही.

हॉर्न वाजवावा लागला नाही. शिवलीला अंगणात कपडे वाळत घालत होती. हातातली चादर तिनं तशीच खाली सोडली. मायलेकी काय बोलल्या ते मी सांगणार नाही. मी गाडीच्या पुढं जाऊन बॉनेट नसलेल्या गाडीत बॉनेट शोधत उभी राहिले.

पहिल्या दिवशी सगळं कायद्यानं चाललं. आई गाडीत, लेक पायरीवर. आम्ही सोलापूरहून आणलेलं पाणी दुसऱ्या दिवशी संपलं. शिवलीलेनं बादली आणून ठेवली. आईनं विचारलं, "पाणी कुठलं?" तिनं दाराकडे बघितलं. जोतीराम दारातून म्हणाला, "कारखान्याच्या नळाचं आहे." आईनं विचार केला. म्हणाली, "कारखान्याचं ना? मग ठीक आहे." नळ त्यांच्या न्हाणीतच आहे, हे तिला दिसत होतं. मलाही दिसत होतं. मी बादली आत घेतली.

जोतीरामची आई केराबाई मेंढरं सोडून नातीला भेटायला आली होती. पायरीवर फतकल मारून बसली आणि आत डोकावून म्हणाली, "विहीणबाई, लई झ्याक केलंय की. खांब बी हायत!"

आई म्हणाली, "पूजेसाठी आहे. आंघोळ, पूजा झाल्याशिवाय मी पाणी घेत नाही. म्हणून आत येत नाही. राग मानू नका."

"राग कशाचा? आमी तरी घरात कुटं ऱ्हातोय? आट म्हैनं मेंढरामागं. घोड्यावर मावंल तेवडंच घर. तुमचं बी तसंच म्हना की." मग जरा वाकून, "पर मी लेकाच्या घरी आली की घोड्यावर बसून ऱ्हात न्हाय बगा."

तुझी आई हसली, मल्लिनाथ. तोंडाला पदर लावून, खांद्यांनी हसते तशी. किती दिवसांनी, ते तूच आठव.

तिनं गाडीतल्या स्टोव्हवर ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी केली आणि सगळ्यांना वाढली. घ्यायचं नाही असा नियम आहे, द्यायचं नाही असा कुणी केला नाही. माया मांडीवर बसून जेवली. तिनं विचारलं, "आज्जी, तुझं घर बिस्किटाचं आहे का?"

आता कालची गोष्ट. तिच्यासाठी मी हे पत्र लिहायला घेतलं आहे.

गाडीच्या छताला हवेसाठी झडप असावी, हा हट्ट माझा. आण्णा नको म्हणत होता. मी म्हटलं, तुला काय कळतं, तू विमानं कर. इथं उसाचं गाळप जोरात चालू आहे. चिमणीतून काजळी उडते आणि सगळ्या वसाहतीवर पडते, हे मला माहीत असायला हवं होतं, कारण मी इथं अनेकदा आले आहे. पण आले की घरात झोपले आहे. काल सकाळी वारा फिरला. आईची आंघोळ झाली, ओल्यानं पूजेला बसणार, तेवढ्यात झडपेतून काळी भुकटी भसकन खाली आली. पूजेचं वस्त्र काळं, बैठक काळी, आई काळी. आंघोळ पुन्हा करायची म्हटलं तर डब्यातलं पाणीही काळं.

मी झडपेला, कारखान्याला आणि स्वतःला इंग्रजीतून बोलत होते. शिवलीला दारात उभी होती. "आत या" म्हणाली नाही, हात पुढं केला नाही. आपल्याच दाराला धरून नुसती उभी होती.

आईनं तिच्याकडे बघितलं. मग विचारलं, "तुझ्या न्हाणीला छप्पर आहे का?"

"आहे, अव्वा."

"मग पाणी काढ."

आणि उतरली. ओल्या लुगड्यानं, तोंडाला काजळी, हातात लिंग धरून. अंगणातून चालत गेली आणि आत गेली. उंबऱ्यापाशी थांबलीसुद्धा नाही. मी सुतळी घेऊन बसले होते रे, आणि तिनं खाली बघितलं नाही.

आंघोळ झाली. आतल्या खोलीत पूजा झाली. नेहमीपेक्षा लांबली. पूजेतून उठली आणि म्हणाली, "शिवलीला, चहा टाक." चहा तिथला, दूध तिथलं, पाणी तिथलं. बशीत ओतून प्यायली. रात्री मी गाडीत दोन बिछाने घातले आणि वाट बघत बसले. माया निरोप घेऊन आली, "आज्जी माझ्याजवळ झोपलीय. तू दार लावून घे म्हणाली."

मी चिडले आहे, हे स्पष्ट लिहिते. तिच्या गुडघ्यांसाठी पायरी शोधली, तिच्या पाण्यासाठी पत्रा ठोकला, तिच्या पूजेसाठी सोलापूरभर माझी प्रेतयात्रा निघाली, आणि ती आता खाटेवर पाय पसरून लेकीकडून डोक्याला तेल लावून घेते आहे. माझ्याकडे बघून म्हणते, "शरणू, तुझी गाडी छान आहे हं." यापेक्षा मोठा अपमान शिक्षण खात्यातही कुणी केला नव्हता. केराबाई येता-जाता हसते. आणि मी इथं बिस्किटांच्या वासात बसून तुला लिहिते आहे, आणि खरं सांगायचं तर मला फार बरं वाटतं आहे.

झडपेला मी सोलापुरी चादरीचा तुकडा ठोकला आहे. आता काजळी येत नाही.

आई इतक्यात निघणार नाही. विचारलं तर "बघू" म्हणते. तिला तू यायला हवा आहेस, पण ती तसं सांगणार नाही, कारण तू शपथ घेतली आहेस आणि ती तुझी आई आहे. शिवलीला तुझं नाव घेत नाही. फक्त काल मायाला सांगत होती, की मामानं मला खांद्यावर बसवून बार्शीच्या भगवंताच्या देवळात नेलं होतं, आणि मायानं विचारलं, "मामा केवढा उंच आहे?" तिला कुणी नीट उत्तर दिलं नाही.

तू शपथ मोडावीस असं मी म्हणत नाही. बार्शीहून सकाळची एस.टी. धर, टेंभुर्णीला बदल. गाडी अंगणात उभी आहे. आत विमान आहे, पण तू घाबरू नकोस, त्यात बसून लोक चांगल्या ठिकाणी पोचतात. तुझ्या आईची जागा रिकामी आहे, बिछाना घातलेला आहे. घरात पाय न ठेवता तू इथं हवे तेवढे दिवस राहू शकतोस.

तुझी आई गाडीत दोन रात्री राहिली. तुझ्या किती होतात ते बघते.

वाट पाहणारी,
तुझी मावशी
शरणम्मा